युरोपियन आळशी आणि अमेरिकन राबराब राबणारे? हा वाद जरा नीट घालूया

लग्नात न्यूजर्सीवाले आणि म्युनिकवाले एकाच पंगतीला बसले की हा वाद ठरलेला. न्यूजर्सीवाला म्हणतो तुमच्या युरोपात कुणी कामच करत नाही, ऑगस्टमध्ये ईमेल केला की सप्टेंबरात उत्तर येतं, म्हणून तर तुमच्याकडून एक धड गुगल नाही झालं. म्युनिकवाला म्हणतो तुमच्याकडे माणूस राबून राबून मरतो आणि मेल्यावरही घरच्यांना हॉस्पिटलचं बिल येतं. मग बाकीचे आपापल्या चुलत-मावस भावाची बाजू घेऊन उतरतात, आणि जिलबी येईपर्यंत ‘मुळात ते लोकच तसे’ या वाक्यावर गाडी येऊन थांबते. आणि हे फक्त पंगतीतच चालतं असं समजू नका. २०२४ मध्ये नॉर्वेच्या सरकारी तेल-फंडाचे प्रमुख निकोलाय टांगेन यांनी फायनान्शियल टाइम्सशी बोलताना साधारण हाच सूर लावला होता, की अमेरिकन लोक जास्त मेहनत करतात आणि युरोपियनांना महत्त्वाकांक्षा कमी. म्हणजे दीड हजार अब्ज डॉलरहून जास्त पैसा सांभाळणारा माणूस आणि आपला पंगतीतला भाऊ, दोघांचं निदान एकच.

माझं म्हणणं असं की फरक खरा आहे, चांगला ढळढळीत आहे, पण तो ‘स्वभाव’ म्हणून सांगितला की सगळं गणित चुकतं. ज्याला आपण अमेरिकन स्वभाव किंवा युरोपियन स्वभाव म्हणतो त्यातला बराचसा भाग हा गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांतले कायदे, संप, टॅक्स आणि इन्शुरन्सच्या भानगडी यांचा गाळ आहे. तो गाळ इतका घट्ट बसलाय की आता लोकांना तो खडकच वाटतो.

आधी समोरच्याचं जे खरं आहे ते देऊन टाकू. अमेरिकन कामगार वर्षाला सरासरी साधारण १८०० तास काम करतो, फ्रेंच १५०० च्या आसपास आणि जर्मन तर १३५० च्या आतबाहेर. अमेरिकन आणि जर्मन यांच्यात साडेचारशे तासांचा फरक म्हणजे चाळीस तासांचे अकरा आठवडे, ही काही किरकोळ गोष्ट नाही. अमेरिकेचं दरडोई उत्पन्न जास्त आहे आणि २००८ नंतर ते अंतर वाढलंय हेही खरं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जर्मनी-फ्रान्स तासामागच्या उत्पादनात अमेरिकेच्या जवळपास पोचले होते, मग आयटीची लाट आली आणि अमेरिका पुढे निघून गेली. युरोपच्या केंद्रीय बँकेचे माजी प्रमुख मारिओ द्रागी यांनी २०२४ मध्ये युरोपियन युनियनला जो अहवाल दिला त्याचं मुख्य रडगाणं तेच होतं. आणि मनोवृत्तीचे सर्व्हे बघितले तर ‘यश आपल्या हातात नसतं, परिस्थितीवर असतं’ या वाक्याला अमेरिकन लोक जर्मनांपेक्षा कितीतरी कमी मान डोलावतात. हे सगळं मान्य. पण यातून स्वभाव सिद्ध होतो का?

स्वभाव असेल तर तो निदान दोन पिढ्या टिकायला पाहिजे ना? १९५० च्या दशकात पश्चिम युरोपातला माणूस अमेरिकनापेक्षा वर्षाला जास्त तास राबत होता, आणि १९७० च्या आसपास दोघं साधारण सारखे होते. पश्चिम जर्मनीत तेव्हा सहा दिवसांचा, ४८ तासांचा आठवडा सर्रास होता. १९५६ च्या कामगार दिनाला जर्मन कामगार महासंघाने एक पोस्टर काढलं, त्यावर एक लहान पोरगं आणि खाली मजकूर, ‘शनिवारी बाबा माझे’. शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून जर्मनांना पोस्टर छापावं लागत होतं हो! त्याच वर्षी धातूकामगारांच्या युनियनने मालकांशी ४५ तासांचा करार केला, १९६७ पर्यंत ते टप्प्याटप्प्याने ४० वर आले, १९८४ मध्ये ३५ तासांसाठी कित्येक आठवड्यांचा संप झाला. आज म्युनिकचा भाऊ शुक्रवारी दुपारी लॅपटॉप मिटतो तेव्हा त्याला वाटतं ही जर्मन संस्कृती आहे. बाबा रे, ती संस्कृती तुझ्या जन्माच्या थोडीशीच आधीची आहे.

फ्रान्सचं तर आणखी सोपं. जून १९३६, लेओन ब्लुमचं पॉप्युलर फ्रंट, म्हणजे डाव्या पक्षांच्या आघाडीचं सरकार, कारखान्यांत कामगार आत बसून राहिलेले, आणि त्या रेट्यात दोन आठवड्यांची पगारी सुट्टी आणि ४० तासांचा आठवडा मंजूर झाला. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा बघितला. तिसरा आठवडा १९५६ मध्ये, चौथा १९६९ मध्ये, पाचवा १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँच्या काळात मिळाला. फ्रेंच माणसाची ती जगप्रसिद्ध ऑगस्टची सुट्टी अशी हप्त्याहप्त्याने आलीय, आणि प्रत्येक हप्त्याची तारीख सांगता येते. ज्या गोष्टीची तारीख सांगता येते तिला रक्तातला गुण म्हणायचं कसं?

आता अमेरिकेकडे या, तिथे तर गंमत जास्त आहे. आठ तासांच्या दिवसासाठी १ मे १८८६ ला देशभर संप झाला तो अमेरिकेत. शिकागोच्या हेमार्केट चौकात बॉम्ब पडला, गोळीबार झाला, पुढे पुढाऱ्यांना फासावर दिलं, आणि त्यांच्या आठवणीत जगभर १ मे पाळला जाऊ लागला. आपण महाराष्ट्र दिनाच्या जोडीला जो कामगार दिन म्हणतो तो मूळचा शिकागोचा. आणि अमेरिका? तिने १८९४ मध्ये आपला लेबर डे सप्टेंबरात ठेवून दिला. १९३० मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला केलॉगच्या कारखान्यात, तेच ते कॉर्नफ्लेक्सवाले, सहा तासांची पाळी सुरू झाली आणि तिथल्या काही खात्यांत ती १९८५ पर्यंत चालली. १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सिनेटने आठवड्याला ३० तासांचं विधेयक पास केलं होतं. तीस! फ्रान्सने अजून केलं नाही ते अमेरिकेच्या वरच्या सभागृहाने तेव्हा केलेलं. ते पुढे गेलं नाही, रूझवेल्ट सरकारने पाठिंबा दिला नाही, आणि १९३८ च्या कायद्यात ४० तास आणि त्यावर दीडपट ओव्हरटाइम एवढं आलं. पगारी सुट्टीबद्दल त्या कायद्यात अक्षर नाही, आणि केंद्राच्या पातळीवर खासगी नोकरांसाठी ते आजही नाही. युरोपियन युनियनने १९९३ मध्ये किमान चार आठवडे सक्तीचे केले, त्याच वर्षी अमेरिकेने बाळंतपण-आजारपणासाठी १२ आठवड्यांची रजा दिली, ती बिनपगारी.

मग अमेरिकन तासांचं घोडं १८०० वर का अडकलं? एक म्हणजे युनियन. १९५० च्या दशकात अमेरिकेत साधारण तिघांत एक कामगार युनियनमध्ये होता, आज दहात एक. दुसरं, आणि माझ्या मते जास्त चिवट, म्हणजे हेल्थ इन्शुरन्स. १९४२ मध्ये युद्धामुळे सरकारने पगारवाढ गोठवली, पण इन्शुरन्ससारख्या सवलतींना मुभा दिली, मग कंपन्यांनी माणसं ओढायला इन्शुरन्स वाटायला सुरुवात केली, १९५४ च्या टॅक्स कायद्याने त्यावरची करमाफी पक्की केली आणि अमेरिकन माणसाचं औषधपाणी कायमचं नोकरीच्या दावणीला बांधलं गेलं. युद्धकाळातली एक तात्पुरती तजवीज, तिचं पुढे ‘अमेरिकन वृत्ती’ असं बारसं झालं. पोराच्या दम्याचं औषध ज्या नोकरीवर अवलंबून आहे त्या नोकरीत तीन आठवड्यांची रजा मागायला कुणाचीही जीभ अडखळेल, तो बोस्टनचा असो की बार्शीचा.

बार्शीचा म्हटलं ते उगाच नाही. आपल्याच लोकांवर हा प्रयोग झालेला आहे. सांगलीच्या एकाच कॉलेजातून, एकाच बॅचमधून निघालेले दोघे माझ्या ओळखीत आहेत, एक न्यूजर्सीतल्या एडिसनला, एक जर्मनीतल्या स्टुटगार्टला. दोघांचे वडील शिक्षक, दोघांचा स्वभाव म्हणाल तर सारखाच गडबड्या. एडिसनवाला एच-वन-बीवर आहे, लेऑफ झाला तर त्याला दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस, नाहीतर सामान बांधा. ग्रीनकार्डची रांग केवढी ते सगळ्यांना माहितीय. कंपनी कागदावर ‘अनलिमिटेड’ रजा देते आणि हा गडी वर्षाला मोजून आठ-नऊ दिवस घेतो, त्यातही आईच्या ऑपरेशनला आला तेव्हा रात्री वडिलांच्या टेबलावर बसून मीटिंग करत होता. स्टुटगार्टवाल्याला ३० दिवस. एकदा तो सुट्टीत तापाने आडवा झाला, डॉक्टरचा दाखला दिला आणि ते दिवस त्याला परत मिळाले, कारण तसा तिथे कायदाच आहे. रविवारी दुकानं बंद, ड्रिल मशीन लावलं तर खालची म्हातारी दार ठोठावते, आणि जिना झाडायची पाळी आली की दारावर पाटी लटकते. पहिली दोन वर्षं हा तिथल्या लोकांना ‘ढिले’ म्हणायचा. आता भारतातल्या टीमने शनिवारी फोन केला तर उचलत नाही आणि वर सुनावतो. आता सांगा, यात सांगलीचा स्वभाव कुठला आणि स्टुटगार्टचा कुठला?

यावर हुशार माणूस म्हणेल, ठीक आहे, कायद्यांमुळे झालं, पण कायदे काय आकाशातून पडले? लोकांना सुट्टी प्यारी म्हणून त्यांनी तसे कायदे केले, म्हणजे फिरून स्वभावच. हा आक्षेप खरंच दमदार आहे आणि अर्थशास्त्रज्ञही त्यावर भांडतात. एडवर्ड प्रेस्कॉट म्हणाले सगळा टॅक्सचा खेळ. ऑलिव्हिए ब्लांशार यांचं म्हणणं, युरोपियनांनी वाढलेल्या कमाईचा काही भाग राजीखुशीने सुट्टीच्या रूपात घेतला. अलेसिना, ग्लेझर आणि सासेर्दोत यांनी युनियन आणि नियमांकडे बोट दाखवलं, आणि एक फार मार्मिक गोष्ट सांगितली, की सुट्टीची मजा बाकीच्यांच्या सुट्टीवर अवलंबून असते. बायको कामावर, मित्र कामावर, पोरं शाळेत, आणि तुम्ही एकटे घरी, यात काय राम? पण सगळं गावच ऑगस्टमध्ये बंद असेल तर ऑफिसात बसून तुम्ही करणार काय? म्हणजे ब्लांशार म्हणतात ती आवड खोटी नाही, पण ती आवड लागली सवयीने, आणि सवय लागली नियमाने. आवडीला कारण म्हणून पुढे करायचं तर ती आधी असायला हवी. इथे ती बऱ्याच अंशी नंतर आलीय.

शिवाय १३५० या आकड्याच्या पोटात काय आहे तेही बघा, कारण पंगतीत हा आकडा फेकणारे ते कधीच बघत नाहीत. जर्मनीत अर्धवेळ नोकरी करणारे प्रचंड आहेत, त्यात बहुतेक बायका. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करून टॅक्स लावायची पद्धत १९५८ पासूनची, तिच्यात बायकोने पूर्णवेळ नोकरी केली तर हातात फारसं काही पडत नाही, आणि पाळणाघरांची बोंब वेगळीच. आठवड्याला वीस तास काम करणारी बाई सरासरी खाली ओढते. अमेरिकेत तीच बाई घरी बसली तर ती हिशोबातच येत नाही, सरासरी उंचच राहते. कामाच्या वयातल्या लोकांपैकी नोकरीत असलेल्यांचं प्रमाण जर्मनीत अमेरिकेपेक्षा जास्त आहे. मग आळशी कोण?

आणि ‘युरोपियन’ म्हणजे तरी कोण? २०१० नंतर ग्रीस कर्जात बुडाला तेव्हा जर्मन पेपरांनी ग्रीकांना ऐदी ठरवलं, २०११ मध्ये खुद्द मर्केल बाई एका सभेत म्हणाल्या की एका चलनात काहींना भरपूर सुट्टी आणि काहींना थोडी असं चालणार नाही. प्रत्यक्षात ग्रीक माणूस तेव्हाही जर्मनापेक्षा वर्षाला कित्येक शे तास जास्त राबत होता आणि आजही अमेरिकनापेक्षा वरचढ आहे, वर्षाला १९०० तासांच्या आसपास. छोटी दुकानं, टपऱ्या, घरचा धंदा, अर्धवेळ काम कमी. तास भरपूर, पैसा थोडा. कष्टाळू आणि श्रीमंत हे शब्द आपण एकाच दमात घेतो त्याचा हा परिणाम, गरीब दिसला की तो आळशी असणारच. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज प्रवासी जर्मनांबद्दल हेच लिहायचे, मंद आहेत, सुस्त आहेत, घाई म्हणून कशाची नाही. पन्नास वर्षांत जर्मनीत कारखाने उभे राहिले आणि तोच जर्मन ‘मुळातच’ शिस्तीचा झाला.

टिपचं उदाहरण मला या सगळ्यात सगळ्यात आवडतं. आज युरोपियन माणूस न्यूयॉर्कला गेला की वीस टक्के टिप बघून कपाळाला हात लावतो आणि ‘या अमेरिकन लोकांना सगळं पैशात मोजायचं’ म्हणतो. अहो पण ही प्रथा अमेरिकेत नेली ती युरोप फिरून आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात! तेव्हा अमेरिकेत तिच्याविरुद्ध केवढा ओरडा झाला, की ही सरंजामी लाचारी आहे, स्वाभिमानी लोकशाहीत एका नागरिकाने दुसऱ्यासमोर हात पसरायचा नाही. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदीच घातली, आणखी काही राज्यांनी तेच केलं. पण रेल्वे आणि हॉटेलवाल्यांना, विशेषतः गुलामीतून सुटलेल्या काळ्या कामगारांना कमी पगारावर ठेवायला, टिप फार सोयीची होती. १९२६ पर्यंत सगळे बंदी कायदे गेले. १९६६ मध्ये किमान वेतनाचा काही भाग टिपमधून भरून काढायची मालकांना कायदेशीर सोय झाली, आणि टिपवाल्यांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आजपर्यंत एक सेंट वाढलेला नाही. तिकडे फ्रान्सने १९८७ मध्ये मेन्यूवरच्या किमतीतच सर्व्हिस धरायची सक्ती केली. दोन पिढ्यांत दोघांचे ‘स्वभाव’ अदलाबदल होऊन बसले.

तसंच ते ‘युरोप नियमांत गुदमरलाय, अमेरिका मोकळी’ प्रकरण. थॅलिडोमाइड हे औषध जर्मनीत १९५७ पासून सर्रास विकलं गेलं, गरोदर बायकांनी घेतलं, जगभर हजारो मुलं हातापायांच्या व्यंगाने जन्मली. अमेरिकेत ते बाजारात आलंच नाही, कारण एफडीए या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी कंपनीला पुन्हा पुन्हा कागदपत्रं मागितली आणि मंजुरी अडवून धरली. ओझोनचा थर खाणारे सीएफसीवाले स्प्रे अमेरिकेने १९७८ मध्ये बंद केले तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स खळखळ करत होते. म्हणजे ज्या काळात आमचे काका पहिल्यांदा अमेरिकेला गेले त्या काळात कडक नियमांचा देश म्हणजे अमेरिका होता.

एक मुद्दा मात्र मी पूर्ण उडवू शकत नाही. अमेरिका ही मुळात निघून आलेल्यांची वस्ती, आणि घर सोडून समुद्रापार जाणारा माणूस मागे राहिलेल्यापेक्षा धडपड्या असणार, हे तर्काला धरून आहे; आणि धर्म, चर्च, दानधर्म, अनोळखी माणसाशी लिफ्टमध्ये गप्पा मारणं, यात जो फरक जाणवतो तो सगळाच मला कायद्याने समजावता येत नाही. पण आयरिश लोक १८४५ नंतर बटाट्याच्या दुष्काळात उपाशी मरत होते म्हणून गेले, आफ्रिकनांना तर साखळदंडाने नेलं, आणि इटलीतून गेलेले बरेच जण चार पैसे गाठीला बांधून गावी परत आले. यात ‘धडपड्यांची निवड’ कितपत झाली? असेल थोडी. साडेचारशे तासांइतकी नाही, कारण त्याच धडपड्यांची नातवंडं १९७० मध्ये जर्मनांइतकेच तास काम करत होती.

हा वाद आपण का घालावा, तर तो वळसा घालून आपल्याच अंगावर येतो म्हणून. २०२३ मध्ये नारायण मूर्ती ७० तासांच्या आठवड्याबद्दल बोलले तेव्हा त्यांनी युद्धानंतरच्या जर्मनांचा आणि जपान्यांचा दाखला दिला. वर सांगितलेल्या तारखा पुन्हा बघा: जर्मनीचा तो गाजलेला आर्थिक चमत्कार आणि ४८ चे ४० तास होणं हे एकाच दशकात, एकाच कारखान्यांत घडत होतं. चमत्काराला नवं चलन, नवी यंत्रं, कुशल कामगार, निर्यातीचा बाजार अशी कारणं होती, आणि तास त्यात कमी होत गेले. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली तेव्हाही गुंतवणूक, स्पर्धा वगैरे ऐकू आलं. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी वर्षानुवर्षं भांडून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, त्या मुंबईतल्या लोकांना तरी सुट्टी कुठून येते हे कुणी शिकवायला नको. तेव्हाही गिरणीमालक म्हणायचेच की हे लोक मुळात कामचुकार, सुट्टी दिली तर वाया जातील.

आणि सध्या काय चाललंय तेही बघण्यासारखं आहे. डेन्मार्कने १६८६ पासून चालत आलेली प्रार्थनादिनाची सुट्टी २०२४ पासून रद्द केली, संरक्षणखर्चाला पैसा हवा म्हणून. ग्रीसने जुलै २०२४ पासून काही उद्योगांना सहा दिवसांचा ४८ तासांचा आठवडा खुला केला. जर्मनीचे चॅन्सेलर मेर्त्स चार दिवसांच्या आठवड्यावर आणि वर्क-लाइफ बॅलन्सवर तोंडसुख घेतायत. त्याच २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने, म्हणजे हेमार्केटवाल्या शिकागोच्या राज्याने, बहुतेक सगळ्या नोकरदारांना वर्षाला ४० तासांपर्यंत पगारी रजा मिळेल असा कायदा लागू केला, आणि रजा कशासाठी हवी ते साहेबाला सांगायची गरज नाही.